चिमाक्काचा राहिलेला ठोका

पितळोळीच्या वेशीत शिरताना उजव्या हाताला एक काळा धोंडा लागतो. कमरेइतका उंच, आणि वर तळहाताएवढा खळगा. देवळाचे गुरव केरबा पाहुण्यांना आधी तिथंच थांबवतात. "पायातलं काढा," म्हणतात, आणि मग सांगू लागतात.

वरगिरीच्या गादीवर एकाच वर्षात तीन राजे बसले आणि उठले, असे सांगतात. जो बसे तो आधी आपला पैसा पाडी. त्यांतला एक पुतण्या; त्याच्या तांब्याच्या पैशावर सूर्य होता. चुलत्याने त्याला हाकलून गादी बळकावली आणि हुकूम सोडला, ज्या घरात सूर्याचा पैसा सापडेल ते घर जाळा. पितळोळीत तर दुसरं नाणंच नव्हतं. फेकून द्यावं, तर उन्हाळाभराचं धान्य त्या तांब्याच्या वजनावरच यायचं.

चिमाक्का ही गावची तांबटीण. एकटी बाई, पण तिच्या हंड्याला दहा गावांतून मागणी. ती म्हणाली, "आणा सगळे हिकडं. सूर्य पुसते मी." दोन दिवस ती या धोंड्यावर पैसे ठोकत बसली. सूर्य गेले, उरल्या नुसत्या तांबड्या चकत्या.

चुलत्याचा सरदार फौज घेऊन आला. घरोघर चकत्याच निघाल्या, सूर्य कुठंच नाही. चरफडत त्याने पाणी मागितलं. पिता पिता त्याची नजर पाण्याच्या तांब्याच्या गळ्यावर गेली, मग हातातल्या चकतीवर. दोन्हीकडे बारीक ठोक्यांची तीच गोल ओळ, तीच मठारणी. चकती कोरीच सोडायची होती. पण काम झालं की कडेनं मठारायचं, ही त्या हाताची जन्माची सवय. आपलं काय चुकलं ते चिमाक्काला तिथंच कळलं.

"कुणाचा हात हा? बोला, नाहीतर गाव पेटवतो!"

चिमाक्काला आपल्या हाताची फार माया. त्याच्याच जिवावर ती आजवर जगली होती. तरी तिने तो पुढं होऊन धोंड्यावर ठेवला.

"ह्यो बघा. गावाचा काय बी दोष न्हाई."

तलवार पडली. आणि म्हणे, धोंड्याच्या पोटातून ठोके येऊ लागले. मठारणीचे, एका लयीत, थांबायचं नाव नाही. घोडे बिथरले, शिपाई मागं सरले. सरदाराने आपला शेला काढून तिचा हात बांधला आणि एकही घर न पेटवता फौज परत नेली.

आजही पितळोळीचा तांबट मठारणीचा शेवटचा ठोका भांड्यावर मारत नाही. तो चिमाक्काच्या नावानं या खळग्यात येऊन मारतो. केरबा पाहुण्यांच्या हातीही हातोडी देतात. "हळूच हां," म्हणतात. धोंडा दगडाचाच, पण नाद तांब्याचा उठतो.

ठोका आपण एकच मारलेला असतो. ऐकू येतात दोन.