गजाकाकांचा खर्ज

वाद्यं माणसांसारखी भांडायची, त्या काळी एका तालमीच्या खोलीत मंद्रा नावाची, बास गिटारचा आवाज वाढवणारी नवी अँप आली. उद्या मैदानात तिचा पहिलाच कार्यक्रम होता आणि तिचा आवाज बाहेर सोडायला स्पीकरचा एक खोका निवडायचा होता. निवड चुकली, तर मागच्या रांगांना बास ऐकूच जाणार नव्हता.

"निवडायचंय काय त्यात?" खोक्यांतले थोरले, कपाटाएवढे गजाकाका गुरगुरले. "आठ स्पीकर आहेत माझ्या पोटात! वीस वर्षं कार्यक्रमाला मीच जातोय."

"मग एक सूर वाजवून बघू या ना, काका."

थोरल्या खोक्याला वाजवून बघायची तिथं रीतच नव्हती.

"कार्टे, माझी परीक्षा घेतेस?"

"तुमची नाही, सुराची," म्हणत मंद्रानं वायर जोडली.

खर्जातला सूर निघाला मात्र, काकांच्या फळ्या खडखडू लागल्या. सूर त्या खडखडाटातच बुडाला. मग तिनं तोच सूर एकाच स्पीकरच्या बुटक्या खोक्यातून, ठकीतून सोडला. जवळून तो साधाच वाटला, पण पार अंगणापलीकडे झोपलेलं मांजर दचकून उठलं.

"चल गं, ठकी," मंद्रा म्हणाली.

काकांनी आपल्या सैल फळ्यांकडे पाहिलं. "मी असा खडखडतो, हे कुणालाच कसं ऐकू आलं नाही?"

"ऐकू सगळ्यांना यायचं, काका," ठकी म्हणाली. "तुम्हाला सांगायची सोय होती कुठे?"