शोभेची घंटा

फार वर्षांपूर्वीची नाही, गेल्या उन्हाळ्यातलीच गोष्ट. शाल्मलीने एका व्हिडिओ गेमसाठी देऊळ रचलं. गाभाऱ्याचं दार उघडायला खांबामागे खटका बसवला आणि समोर शोभेची घंटा टांगली.

खटका तोऱ्यात असायचा. "दार उघडतं ते माझ्यामुळे. तू नुसती शोभेला."

"पण येणारा आधी माझ्याकडेच उडी मारणार," घंटा म्हणाली, "आणि मला साधा आवाजही दिलेला नाही."

शाल्मलीने शेजारच्या निमकरकाकूंना गेम खेळून बघायला बोलावलं. काकूंनी देवळात शिरताच घंटेकडे सात उड्या मारल्या आणि थोडी वाट पाहिली. "काही चालतच नाही गं तुझं," म्हणत त्या मोबाइल ठेवून उठल्या. नंतर खेळायला आलेले दोघेही तसेच घंटेकडे उड्या मारून गेले. खटक्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. असंच चाललं असतं तर अख्खं देऊळच काढून टाकावं लागलं असतं.

तिघांच्या उड्या आठवून शाल्मलीने घंटेला आवाज दिला आणि तिची दोरी खटक्याला बांधली. आता घंटा वाजली की खटका ओढला जायचा.

"लक्षात ठेव," खटका कुरकुरला, "दार अजून मीच उघडतो."

"तूच उघडतोस," घंटा म्हणाली. "पण आता कुणीतरी आत जातं."