दोन काठांचा पत्ता

नदी धुकं पांघरून झोपायची, त्या काळची गोष्ट. अलीकडच्या काठावर पत्ता सांगताना आधी झाड, शेवटी घर येई. पलीकडे आधी घर, शेवटी झाड.

एकदा वाऱ्याने साळुंकीचं पिल्लू पलीकडे उडवून नेलं. ते रडत म्हणालं, "वड, फांदी, ढोली."

बगळे हसले. "ढोलीत फांदी आणि फांदीवर वड? असलं घर आम्ही नाही पाहिलं!"

दोन्ही काठांवर ऊन खाणारं म्हातारं कासव म्हणालं, "ढोली, फांदी, वड."

"असं सांग ना!" म्हणत एका बगळ्याने पिल्लाला पाठीवर घेतलं.

पिल्लू घाबरलं. "आजोबा, तुम्ही माझं घर उलटं केलंत!"

"घर आहे तिथंच आहे, बाळा. तू डोळे मीट."

ढोलीच्या तोंडाशी आई वाट बघत होती. "कसं सापडलं रे घर?"

पिल्लू झोपेतच पुटपुटलं, "ढोली, फांदी, वड."

तापात बरळतंय, असं वाटून आईने त्याला पंखाखाली घेतलं.