दहा हजारांची हजेरी

एका राज्यात माणसांपेक्षा शस्त्रं जास्त होती. राजाचं नाव प्रचंडसेन. त्याच्या पदरी चौदा तोफा, शंभर हत्ती, ढाली-भाल्यांनी भरलेली सात कोठारं, आणि दहा हजार चिलखतं; गळ्यापासून घोट्यापर्यंत पोलादी, तोंडावर झडप. राजा सकाळी देवपूजेआधी शस्त्रं मोजी. त्याला युद्धाची भीती नव्हती, आकडा घटण्याची होती. म्हणून मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या जादूगाराला बोलावून मागणं मागितलं, "माझी फौज दहा हजारांखाली कधी येऊ नये." जादूगार म्हणाला, "तथास्तु." मागणाऱ्याने विचार केला नाही आणि देणाऱ्यानेही केला नाही.

लढाई झाली. शत्रू पळाला. दहा हजार गेले होते, दहा हजार परत येऊन सीमेवर ओळीने उभे राहिले. गावोगाव साखर वाटली. फक्त कोणी घरी आलं नाही, कोणी झडप वर केली नाही. राजाची आज्ञा होती की सीमा ओलांडून कोणी येऊ नये, कोणी जाऊ नये; ती त्यांनी तंतोतंत पाळली. व्यापारी अडले, वाटसरू अडले, मिठाचे बैल अडले. त्या राज्याला समुद्र नव्हता. नऊ वर्षं लोक अळणी जेवत होते, गुरं भिंती चाटत होती, आणि राजा म्हणत होता, बघा, फौज केवढी.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा होई आणि सीमेवर हजेरी होई. कारकून नाव पुकारी, चिलखतातून उत्तर येई, "हजर." आवाज ज्याचा त्याचा, घरच्यांच्या ओळखीचा. मग घरची बाई पुढे होऊन झडपेखालून शिदोरी आत सोडी. शिदोरी आत जाई, परत येत नसे. म्हणजे तो जेवला, असं बायका धरून चालत. वर्षाला एक शिदोरी खाऊन माणूस जगतो कसा, हे एकीनेही दुसरीला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

त्यांतलीच एक धुरपा शिकलगारीण, पाती घासून लखलखीत करणारी. तिचा नवरा खेलोजी भालाईत होता. लग्नाला तीन महिने झाले आणि तो लढाईवर गेला. धुरपाच्या घरी गाडग्याच्या तळाशी चिमूटभर मीठ उरलं होतं. खेलोजी आला की त्या दिवशीच्या कालवणात ते घालायचं, असं तिने ठरवलं होतं. शेजारणी हसत. हसणाऱ्यांच्या गाडग्यात तेवढंही नव्हतं.

दहाव्या खंडेनवमीला आठ दिवस उरले असता धुरपा शस्त्रागाराच्या दारात तलवारी घासत बसली होती. कौलावरची साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, पण त्यांचं ऐकायला कोणाला सवड नसे. साळुंकी म्हणाली, "ज्याने हे केलं तो थोरल्या तोफेत राहतो."

थोरली तोफ इतकी मोठी होती की ती कधी उडवलीच नव्हती. धुरपाने आत डोकावलं. जादूगार गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. लढाईनंतर बिदागी घेऊन तो परमुलखी निघाला होता. सीमेवर त्याच्याच चिलखतांनी त्याला मागे लोटलं. तेव्हापासून तो इथे होता.

"बाबा, माझा नवरा घरी यावा," धुरपा म्हणाली.

"मंत्र उतरायला तीन गोष्टी लागतील. कधी न उपसलेल्या तलवारीचा गंज. राज्यातलं शेवटचं मीठ. आणि हजेरीला घरच्या माणसाने दिलेलं खरं उत्तर."

"मग तो येईल?"

"मंत्र उतरेल, एवढंच मी बोललो."

धुरपाने पुन्हा विचारलं नाही. आशा फार जपून वापरावी लागते हे तिला माहीत होतं.

ती राजाकडे गेली आणि सणासाठी खुद्द महाराजांची तलवार घासायला मागितली. राजाने आढेवेढे घेतले. त्या म्यानावर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू चढलं होतं, पातं मात्र कोणी पाहिलं नव्हतं. दोन हुजऱ्यांनी ओढलं तेव्हा ते किरकिरत निघालं आणि गालिच्यावर तांबडा भुगा सांडला. राजाने तोंड फिरवलं आणि हे बाहेर न बोलण्याची ताकीद दिली. भुगा तिने पदरात बांधला. ही गोष्ट सोपी होती.

मीठ द्यायला तिला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी तिने गाडगं तोफेपाशी नेऊन पालथं केलं. जादूगाराने गंज आणि मीठ खलून अंजन केलं. हजेरीच्या वेळी ते डोळ्यांत घाल, आग होईल पण डोळे मिटू नकोस, असं बजावलं.

खंडेनवमी उजाडली. आपट्याखाली शस्त्रं मांडली, राजा हत्तीवर बसला, कारकुनाने नावं पुकारायला सुरुवात केली. धुरपाने अंजन घातलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि पोलाद काचेसारखं झालं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आत कोणीच नव्हतं. खेलोजीच्या चिलखतातही तिने पाहिलं. काय पाहिलं ते तिने कोणाला सांगितलं नाही.

"खेलोजी भालाईत," कारकून म्हणाला.

"हजर."

तोच आवाज, सकाळी उठल्यावर असे तसा जरा घोगरा. वर्षाला हा एकच शब्द तिच्या वाट्याला येई आणि त्यावर तिने नऊ वर्षं काढली होती. आता खरं बोललं की तो शब्दही जाणार होता. धुरपाला वाटलं, राज्य अळणी राहू दे, गुरं मरू देत, आपल्याला एवढा एक शब्द पुरे. तिने मान वळवली. शेजारी एक म्हातारी शिदोरी घेऊन आपल्या लेकाच्या नावाची वाट पाहत होती.

"गेला," धुरपा म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वीच गेला."

राजा हत्तीवरून म्हणाला, "बाई, शब्द मागे घे. फौज घटेल."

"महाराज, फौज तेव्हाच घटली. आम्ही नुसता आवाज ऐकत बसलो."

खेलोजीचं चिलखत गुडघ्यांत वाकलं आणि खाली कोसळलं. मग म्हातारीने आपल्या लेकाचं नाव स्वतःच घेतलं आणि स्वतःच म्हणाली, "गेला." मग तिसरी, मग चौथी. दहा हजार घरांनी दहा हजार वेळा तो शब्द उच्चारला. दिवस मावळेपर्यंत सीमा मोकळी झाली आणि जादूगार मागे वळून न पाहता तिच्या पलीकडे निघून गेला. राजापाशी चाळीस म्हातारे पहारेकरी उरले. दुसऱ्या दिवसापासून राजा त्यांच्यात एकेचाळिसावा होऊन वेशीवर उभा राहू लागला. पुढे त्या राज्यात खंडेनवमीला आधी गेलेल्यांची नावं घेण्याची रीत पडली, आणि शस्त्रांवर फुलं त्यानंतर.

पण ते पुढचं. त्या दिवशी कोसळलेल्या प्रत्येक चिलखतातून गाठोडी बाहेर घरंगळली. खेलोजीच्या चिलखतातून नऊ निघाली. नऊही धुरपाच्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेली, आणि गाठी तिने मारल्या होत्या तशाच. एकही सुटली नव्हती.

दहावी शिदोरी तिच्या काखेत होती. ती चिलखताशेजारी खाली बसली, गाठ सोडली आणि भाकरी खाऊ लागली. भाकरी अळणी होती. मिठाचे बैल तिसऱ्या दिवशी आले.