फाटकाशी आलेलं गाठोडं

“पण फादर, हा सौदाच झाला की नाही?”

फादर दुमिंग पायाची नखं कापत होते. धर्मगुरू घडवणाऱ्या या सेमिनरीतले सगळ्यांत म्हातारे गुरू. पण नखं कापताना पोपसुद्धा साधा माणूस दिसेल, तिथं दुमिंगांचं काय!

“कुणाचा सौदा, रेमेत?”

“बायबलातल्या हन्नाचा. मूल होईना म्हणून मंदिरात रडली. म्हणाली, देवा, मुलगा दे, तुलाच वाहीन. झाला, वाहिला. पोराला कुणी विचारलं?”

“शमुवेलाला? छे, बुवा.”

“आणि मला?”

हां... आलं पोटातलं ओठांवर! ब्रदर रेमेत नवसाचा. आई चर्चातल्या रमेदी मातेला नवस बोलली, आणि दहावी होताच पोराला इथं आणून सोडलं. आता पुढल्या महिन्यात संन्यासाची कायमची शपथ. आणि गड्याला जायचं होतं घरी! हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. उशीलासुद्धा नाही, उशा चहाडखोर असतात.

आज भेटीचा दिवस, वर्षातला एकच. आई फाटकाशी चिंचेखाली बसली होती. गाठोडं तिनं आत पाठवलं होतं. हा बाहेर गेला नव्हता.

“सोड की गाठ.”

“कशाला? सेमिनरीत घालायचा झगाच असणार. हन्ना नाही का, दरवर्षी शमुवेलाला झगा शिवून न्यायची? दावं आहे ते, फादर. इस्त्री केलेलं दावं.”

“त्या मंदिरातही एक म्हातारा याजक होता. हन्नाचे ओठ हलतात, आवाज येत नाही... म्हणाला, प्यालीय! तू त्याच्यावर गेलायस.”

रेमेतनं रागानं गाठ सोडली. पांढराशुभ्र झगा.

“बघा! म्हटलं नव्हतं?”

“खालपर्यंत उपस.”

झग्याखाली चौकड्यांचा शर्ट होता. त्याखाली पॅन्ट.



शर्ट त्यानं अंगाला लावून पाहिला. खांदे बरोबर. बाह्या बरोबर. वर्षभरात तो बैलासारखा भरला होता, आणि आईनं त्याला पाहिलंही नव्हतं. झगा लावला. तोही बिनचूक.

त्यानं डोळे बारीक केले.

“तुम्ही सांगितलंत तिला.”

“काय?”

“मला जायचंय ते.”

“अरे लेका, मला तर तू आत्ता सांगतोयस.”

“मग रेक्टरनी. नाहीतर स्वयंपाकघरातल्या फिलूबायनं. कुणीतरी नजर ठेवून आहे माझ्यावर!”

“आहे की.”

“कोण?”

फादरांनी हनुवटीनं फाटकाकडे दाखवलं.

रेमेत कितीतरी वेळ चिंचेकडे बघत राहिला. एका हातात झगा, एका हातात शर्ट...

“पण तिनं तर मला देवाला देऊन टाकलं होतं ना, फादर?”

फादरांनी दुसरा पाय पुढं ओढला.

“पोर दिलं रे... माप कुठं दिलं?”