कड्यावरचा तिसरा माणूस

“पण बाबा, तो माणूस होता की नव्हता, एवढं तरी सांगा.”

धुळपनं हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारा बाबा झोपडीत धुनीपाशी डाळीतले खडे वेचत बसला होता. त्यानं एक खडा उजेडाकडे धरून निरखला, दाराबाहेर टाकला आणि पुन्हा ताटात डोकं घातलं.

बाहेर धुकं होतं. इतकं दाट, की चाळीस पायऱ्या खालचं हेलिपॅड दिसेनासं झालेलं. तिथं हेलिकॉप्टर उभं होतं आणि त्यात कॅप्टन सोढीबाई धुकं उठायची वाट बघत बसली होती. काल दरड कोसळली तेव्हापासून समोरच्या कड्यावर एक नवरा-बायको अडकून पडले होते. नवऱ्याची मांडी मोडलेली. धुकं उठलं की दोरावरून धुळपनंच खाली उतरायचं होतं.

आणि कडा तोच होता, गेल्या वर्षीचा.

सुहास धुळप मूळचा विजयदुर्गाकडचा. अकरा वर्षं तो हिमालयात हेच काम करत होता. पॅरामेडिक. उडत्या हेलिकॉप्टरमधून दोराला लोंबकळत उतरायचं, मोडलेलं हाड बांधायचं, माणसाला पट्ट्यांत अडकवून वर न्यायचं. गडी कामाला चोख, त्यात शंकाच नाही. फक्त आपण चोख आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

बाबा सटाण्याकडचा. चाळीस वर्षांपूर्वी इकडे आला तो परत गेलाच नाही. आता गुडघे पार गेलेले. सहा वर्षांत तो या पायऱ्या उतरला नव्हता. डाळ-तांदूळ गावातल्या बायका वर आणून द्यायच्या. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्याला उठताही येत नसे.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाला.

धुळपला राग आला, पण त्यानं सांगितलं. गेल्या वर्षी त्या कड्यावर मायलेक अडकले होते. त्या खेपेला दोघांपुरतीच जागा होती. दोघांना पट्ट्यांत बांधून झालं आणि त्याला दिसलं, की मागे खडकाला टेकून आणखी एक जण उभा आहे. डोक्यावरून घोंगडी घेतलेला, घोंगडीचा एक कोपरा जळका. त्यानं हात वर केला होता. धुळप ओरडून म्हणाला, “येतो परत,” आणि वर गेला.

मग ढग उतरले. परत जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडा रिकामा होता. मायलेकांनी शपथेवर सांगितलं, आम्ही दोघंच होतो. सोढीबाईनंही वरून दोघंच पाहिले होते. धुळप तीन दिवस खालची दरी धुंडाळत फिरला. ना देह, ना घोंगडी.

“भास झाला म्हणून सोडून दिलं असतं, बाबा. पण तो नंतरही दिसायला लागला.”

कधी बर्फात, कधी नदीच्या दगडांवर. जिथं म्हणून उतरावं तिथं हा आधीच आलेला. तीच घोंगडी, तसाच वर केलेला हात. बोलणं नाही, चालणं नाही.

धुळप थांबला. पुढचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मागच्या आठवड्यात एक पोर होती. शाळेच्या सहलीतली. स्ट्रेचरवर घेतली होती, पट्टे अर्धेच लावून झाले होते. आणि तो दिसला. मी तिला तशीच सोडून त्याच्याकडे गेलो. दहा पावलं... स्ट्रेचर घसरलं.”

“मग?”

“खडकाला अडकलं म्हणून वाचली. हात दोन ठिकाणी मोडला. मी सगळ्यांना सांगितलं, वाऱ्यानं घसरलं.”

बाबानं ताट बाजूला सारलं.

धुळपला आता रडूच यायचं बाकी होतं. तो म्हणाला, अंगारा द्या, मंत्र द्या, काय हवं ते करा, पण आज तो दिसता कामा नये. आज कड्यावर पाऊल ठेवायला जेमतेम जागा आहे. आज एक पाऊल जरी चुकलो तरी माणूस मरेल. सोढीबाईला काहीतरी वास आला होता बहुतेक. सकाळीच ती म्हणाली होती, आपल्या तुकडीतल्या नेगीला सोबत घेऊन उतर, दोघं असलेले बरे. धुळपनं तिला उडवून लावलं होतं. अकरा वर्षांनी आता पांगुळगाडा घेऊन चालू का, म्हणाला होता.

“कसा उभा असतो? दाखव,” बाबा म्हणाला.

धुळप उठला. त्यानं उजवा हात डोक्यावर सरळ नेला.

“आणि डावा?”

“डावा खाली. असा, अंगापासून जरा लांब...”

तो तसाच थांबला. एक हात वर, एक खाली. त्याच्या तोंडचा रंगच उडाला.

दर मे महिन्यात तो गावोगावच्या हमालांना आणि खेचरवाल्यांना ओळीत उभं करून हेच तर शिकवायचा. हेलिकॉप्टरच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून हातानं सांगायचं. दोन्ही हात वर केले तर, मदत हवी, या. एक वर आणि एक खाली, तर नको, जा. खांदे भरून येईपर्यंत तो लोकांकडून हे घोटून घ्यायचा. एकदा एक म्हातारा खेचरवाला चुकला तर त्याला चारचौघांत वेडंवाकडं बोलला होता.

“नको म्हणत होता...” धुळप पुटपुटला. “मला तो नको म्हणत होता, बाबा.”

“वर्षभर,” बाबा म्हणाला.

धुनीतलं लाकूड तडतडलं.

धुळपला आधी लाज वाटली, मग एकदम हलकं वाटलं. म्हणजे आपण कुणाला टाकून आलोच नव्हतो. आपलं काही चुकलंच नव्हतं. त्या भरात शाळेतली पोर आणि वाऱ्याच्या नावावर मारलेली थाप दोन्ही त्याच्या डोक्यातून गेली. खालून पंख्याचा आवाज सुरू झाला. धुकं विरळ व्हायला लागलं होतं. तो बाबाच्या पाया पडला, हेल्मेट चढवलं आणि हसत म्हणाला, “आता कुणी नको, बाबा. नेगी पण नको. मी एकटा पुरतो.”

बाबानं ताट पुन्हा पुढे ओढलं.

धुळप भराभर पायऱ्या उतरू लागला. वीसेक उतरला असेल. का कोण जाणे, त्यानं वळून पाहिलं.

वर बाबा उभा होता. भिंतीला हात न लावता, ताठ. डोक्यावरून घोंगडी घेतली होती आणि तिचा जळका कोपरा वाऱ्यावर हलत होता. झोपडी धुक्यात बुडाली होती. बाबाच्या मागे नुसता खडक दिसत होता.

उजवा हात वर. डावा खाली, अंगापासून जरा लांब.

धुळप तीन पायऱ्या परत चढला. खाली हेलिकॉप्टरच्या दारात नेगी उभा राहून वरच बघत होता.

“बाबा... तो... तुम्ही होतात?”

बाबानं सावकाश हात खाली घेतला.

“ते मागाहून. आधी तुझे दोन्ही हात वर कर.”