पिराजीचा डबा

एका गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? कुणी म्हणालं, "पिराजी, जरा थांब," तर दुसरं कुणी "चल आता" म्हणेपर्यंत तो तिथंच उभा राही. मग पाऊस येवो नाहीतर बैल.

पिराजीचं लग्न जमत नव्हतं. यंदा मात्र बरा योग आला. शेजारच्या गावचे तात्याबा आपल्या लेकीचं, कौसाचं स्थळ घेऊन यायचं म्हणत होते. त्यांची अट एकच होती. आधी पीक बघणार, मग पोरगा. पिराजीच्या आईला याचा फार आनंद झाला, कारण पोराचं काही सांगता येत नव्हतं, पण ज्वारी झकास आली होती. पुरुषभर उंच, तरारलेली, कणसं दाण्यांनी टच्च भरलेली.

आईनं पिराजीच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली.

"आता राखण नीट कर, बाबा. पाखरं आली की डबा बडव. ढणाढण! ही ज्वारी गेली तर कौसा गेली."

पिराजी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसला. संध्याकाळी आई येऊन बघते तर बांधाकडची कणसं पार रिकामी. चिमण्या खाऊन खाऊन सुस्तावल्या होत्या. पिराजी डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"मेल्या, वाजवला का नाहीस?"

"तू म्हणालीस, आली की वाजव. मी आलो तेव्हा ती आधीच आलेली होती. त्यानंतर एकही आलं नाही बघ."

आईनं कपाळावर हात मारला. "आरं, कधी आली ते कशाला बघायचं? जिथं जोमात वाढ दिसंल आन् त्याच्याभोवती चार तोंडं जमतील, तिथं डबा बडवायचा! ध्यानात ठेव."

पिराजीनं ध्यानात ठेवलं. तेच तर त्याचं वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी शेताकडे जाताना वाटेत शेवंताकाकूंचं घर लागलं. घरात नातवाचं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या होत्या. एकजण म्हणाली, "काय बाई बाळसं धरलंय! कसं जोमात वाढतंय पोर!"

पिराजी दारातच थबकला. जोमात वाढ होती. भोवती तोंडं तर चारापेक्षा जास्तच होती. तो सरळ आत शिरला आणि पाळण्याशेजारी उभा राहून त्यानं डबा बडवला. ढणाढण ढणाढण! "हाऽऽ! हाऽऽ! उडा!"

बाळानं टाहो फोडला. घुगऱ्यांचं पातेलं कलंडलं. बायका खरंच उडाल्या, दोघी तर माजघरातून परसात गेल्या. शेवंताकाकू लाटणं घेऊन धावल्या.

"आरं मुडद्या! कुणी डोळे मिटून पडलेलं असलं तर आवाज करू नये. हळूच जवळ बसावं, अंगाई म्हणावी, अंगावर पांघरूण घालावं!"

"बरं काकू," पिराजी म्हणाला. त्यानं तेही ध्यानात ठेवलं.

शेतात येऊन बघतो तर कुणाचीशी म्हैस. पोटभर ज्वारी खाऊन, डोळे मिटून, मधोमध रवंथ करत बसलेली. पिराजी चवड्यांवर चालत गेला, जवळ बसला, आपलं घोंगडं तिच्या अंगावर घातलं आणि गाऊ लागला, "नीज माझ्या बाळा..." आई भाकरी घेऊन आली तेव्हा म्हैस जागी होऊन पुन्हा खात होती आणि पिराजी गाढ झोपला होता.

आई रडकुंडीला आली. "आरं लेकरा, तुला सांगू तरी कसं? उद्या पाव्हणे येणार घरी! हे बघ. वळखीचं नसलेलं काही आपल्या पिकात घुसलं, कणसाला तोंड लावलं, की गोडीनं बोलत बोलत न्यायचं आन् कोंडवाड्यात घालायचं. आरडाओरडा नको, उधळतंय. आत कडबा टाकायचा, पाणी दाखवायचं आन् कडी लावायची."

गावाच्या कडेला मोकाट जनावरं कोंडायला कोंडवाडा होता. तो पिराजीला चांगला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी तात्याबा आणि त्यांचा मेहुणा घरी न जाता परस्पर शेतात आले. पीक बघून दोघे खूश. तात्याबांनी एक कणीस मोडलं, हातावर चोळलं आणि दाणे तोंडात टाकले. पिराजी माळ्यावरून बघत होता. पाहुणे घरी यायचे होते, हे तर शेतात होते. आणि ओळखीचे मुळीच नव्हते.

तो खाली उतरला आणि गोड आवाजात म्हणाला, "या, या. चला माझ्यासंगं."

"पोरगं मोठं अदबीचं आहे," तात्याबा मेहुण्याच्या कानात म्हणाले.

थोड्याच वेळात आरडाओरडा ऐकून आई धापा टाकत कोंडवाड्याशी आली. आत एक रेडकू, दोन शेळ्या आणि तात्याबा. मेहुण्याच्या फेट्यावर कडबा. बाहेर पिराजी पाण्याची बादली वर धरून आत दाखवत होता आणि पुन्हा खाली ठेवत होता.

आईनं कडी काढली आणि पिराजीच्या कानात कळवळून म्हणाली, "हात जोड. ते म्हणतील त्याला हो म्हण."

तात्याबा लालबुंद झाले होते. "तू काय वेडा आहेस?"

"हो."

"आम्हाला जनावरं समजलास?"

"हो."

"मग ही सोयरीक मोडली म्हणायची!"

"हो."

आईनं त्याला करकचून चिमटा काढला. "आरं, हो हो काय करतोस! आता नाही म्हण, नाही!"

तेवढ्यात रेडकानं मेहुण्याचा फेटा ओढून खायला सुरुवात केली. तात्याबांना एकदम हसू फुटलं. ते पोट धरधरून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले.

"जाऊ द्या हो, वहिनी," ते म्हणाले. "पीक नामी आहे. पोरगं सांगितलेलं ऐकतं, असा जावई कुठं मिळतो? माझी कौसा याला बरोबर चालवील." मग पिराजीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "बोल पिराजी, करतोस आमच्या कौसाशी लग्न?"

आईचे डोळे भरून आले. पिराजीनं आईकडे बघितलं. छाती पुढे काढली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"नाही!"

मग आईकडे वळून हळूच विचारलं, "बरोबर ना, आई?"

आईनं बादलीशेजारी ठेवलेली त्याची काठी आणि डबा उचलला. त्या दिवशी डबा पहिल्यांदा योग्य जागी वाजला. पिराजीच्या पाठीवर, ढणाढण ढणाढण.